न पाहिलेल्या बालकासाठी

गेल्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत शार्लट येथे चिरंजीवांकडे होतो. उत्तर कॅरोलिना राज्यातील हे शहर बँकांचे शहर म्हणून ओळखले जाते. बँक ऑफ अमेरिकेचे मुख्यालय येथेच आहे. हयात बँकेत घालविलेल्या माझ्यासारख्याला अशा गावाविषयी आपलेपणा वाटावा, यात नवल नाही. एके संध्याकाळी आठ वर्षांची नात शेजारच्या मैत्रिणीकडून बुटांचे एक रिकामे खोके घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, हे आपल्याला भरायचे आहे. दूरच्या देशातल्या एका मुलीला नाताळची भेट म्हणून ते जाणार आहे. मी मैत्रिणीला हो म्हटले आहे."

या उपक्रमाचे नाव 'ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड'. त्याचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. १९८९ च्या अखेरीस रुमानियातील चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तेथील अनाथालयांतील मुलांची दैना दूरचित्रवाणीवर जगाने पाहिली. ती पाहून वेल्समधील रेक्सम गावच्या डेव्ह व जिल कुक या दांपत्याने १९९० च्या नाताळात तेथील मुलांसाठी भेटवस्तू व मदतीचे सामान ट्रकांतून रवाना केले. १९९३ मध्ये 'समॅरिटन्स पर्स' या अमेरिकेतील ख्रिस्ती संस्थेने हे कार्य हाती घेतले. त्या वर्षी बोस्नियातील युद्धग्रस्त मुलांसाठी अमेरिकेतून जी हजारो खोकी गेली, ती याच शार्लटमधील एका चर्चने जमविली होती. तेव्हापासून आजवर वीस कोटींहून अधिक खोकी जगभर पोहोचली आहेत.

सोबत एक सूचनापत्रक होते. कागदपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय जुनी, म्हणून ते मी बारकाईने वाचले. खोके मुलासाठी की मुलीसाठी, आणि वय दोन ते चार, पाच ते नऊ की दहा ते चौदा, हे प्रथम ठरवायचे. पाहताक्षणी मूल हरखेल अशी एक मोठी वस्तू ठेवायची. मग वह्या, पेन्सिली, कंगवा, दात घासण्याचा ब्रश यांसारख्या नित्योपयोगी वस्तू. चॉकलेट, गोळ्या, कोणताही खाद्यपदार्थ, टूथपेस्ट, औषधे, द्रवपदार्थ, काचेच्या वस्तू आणि वापरलेले सामान चालत नाही. खेळण्यातली बंदूक किंवा युद्धाशी संबंधित काहीही चालत नाही. शेवटची अट वाचून मनाला बरे वाटले. प्रक्रिया केंद्रात स्वयंसेवक प्रत्येक खोके उघडून तपासतात व निषिद्ध वस्तू काढून घेतात.

आम्ही आजोबा-नात दुकानात गेलो. आठ वर्षांच्या मुलीसाठीच खोके भरायचे हे नातीने आधीच ठरविले होते. मोठी वस्तू म्हणून तिने फुटबॉल निवडला. फुगविलेला चेंडू खोक्यात मावणार नाही, तेव्हा हवा काढून ठेवावा लागेल. पण मग हवा भरायची कशाने? म्हणून छोटा पंपही घेतला. लोकरीची टोपी हाती घेतली आणि परत ठेवली, कारण खोके थंड मुलखात जाईल की उष्ण, हे ठाऊक नव्हते. सेलवर चालणारी बाहुली तिनेच नाकारली. "सेल संपल्यावर ती मुलगी काय करील?" हा तिचा प्रश्न बिनतोड होता. चेंडू कातडी नाही याची खात्री मी करून घेतली. साबणाच्या बाबतीत मात्र चकित झालो. तेथील अनेक वड्यांवर घटकांच्या यादीत 'सोडियम टॅलोएट', म्हणजे प्राण्यांच्या चरबीपासून केलेला घटक, छापलेला असतो. जे आपण घरात वापरणार नाही ते दुसऱ्याच्या लेकराला पाठवायचे नाही, या विचाराने चार साबण खाली ठेवून पाचवा, वनस्पती तेलाचा, घेतला.

घरी येऊन हिशेब मांडला. सामानाचे सत्तावीस डॉलर आणि वाहतुकीसाठी संस्थेने सुचविलेले दहा डॉलर. याच पैशात त्या देशातच खरेदी केली तर दोन मुलांचे समाधान झाले असते, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला लगेच दिसते. पण न पाहिलेल्या मुलीचा विचार करीत नातीने दुकानात जो दीड तास घालविला, तो कोणत्या खात्यात जमा धरावा, हे मला सुचले नाही.

रात्री मी पत्रक पुन्हा वाचले. खोक्यांचे वाटप स्थानिक चर्चच्या मार्फत होते. मुलांना येशूची कथा सांगणारी पुस्तिका त्यांच्या भाषेत दिली जाते, आणि पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गाचे निमंत्रणही असते. संस्था हे लपवीत नाही. भेट मात्र कोणत्याही धर्माच्या मुलाला विनाअट दिली जाते, असे ती सांगते. तरीही मी अस्वस्थ झालो. गरजू बालकाच्या हाती खेळणे आणि पुस्तिका एकाच वेळी ठेवली, तर त्या भेटीला विनाअट म्हणावे का? सकाळी मी मुलाला व सूनबाईंना म्हणालो, "खोके येथील एखाद्या बालगृहाला द्यावे."

सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, तुमची शंका रास्त आहे. पण आपल्या दुकानातर्फे दर जूनमध्ये सांगलीजवळच्या शाळांत वह्या वाटतो, त्यांच्या मुखपृष्ठावर काय असते?"

मी निरुत्तर झालो. पुढे दुकानाचे नाव व फोन क्रमांक, मागे कैलासवासी वडिलांचे छायाचित्र आणि आतल्या पानावर णमोकार मंत्र. त्या शाळांत सर्व जातिधर्मांची मुले शिकतात. त्यांना आम्ही कधी विचारले नव्हते, आणि त्यात काही वावगे आहे असे कधी मनातही आले नव्हते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचे फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींच्या विशेषतेनुसार वेगवेगळे ठरते, असे सांगितले आहे. द्रव्याची पारख आम्ही साबणाच्या वडीपर्यंत केली होती. पात्राचा विचार नातीने केला होता. दाता म्हणून स्वतःकडे पाहणे मात्र राहून गेले होते.

अखेर खोके गेले, कारण मुलीने मैत्रिणीला शब्द दिला होता. हा निर्णय सर्वांना पटेल असे नाही. मलाही तो पूर्णपणे पटलेला नाही. पुस्तिकेविषयी नातीला आम्ही सारे स्पष्ट सांगितले. यंदा कोठे द्यायचे याचा विचार आधी करू, असे तिनेच म्हटले. आपले चित्र आणि दोन ओळींचे पत्र खोक्यात ठेवून तिने झाकण लावले. पावतीच्या क्रमांकावरून काही महिन्यांनी कळले की खोके फिलिपाईन्सला गेले. लोकरीची टोपी ठेवली नाही हे बरे झाले.

सांगलीला परतल्यावर जूनच्या वह्यांचा विषय मी थोरल्या बंधूंपुढे काढला. "नाव नसेल तर वह्या कोणी दिल्या हे कळणार कसे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. दुकानाची जाहिरात जरूर करावी, पण ती जाहिरातीच्या खर्चात लिहावी. दानाच्या खात्यात नको, एवढेच मी म्हणालो. दोन दिवस ते बोलले नाहीत. वडिलांचे छायाचित्र काढण्याचे त्यांना जड गेले, तसे मलाही गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच छापखान्याला फोन केला.

यंदाच्या वह्यांचे मुखपृष्ठ साधे निळे आहे. त्यावर नाव आणि इयत्ता लिहिण्यासाठी दोन रिकाम्या ओळी आहेत. ज्याची वही, त्याने त्या भराव्यात. आपल्यापैकी अनेक घरांतून दरवर्षी वह्या, दप्तरे, स्वेटर वाटले जातात. पुढच्या वाटपाची मागणी नोंदविण्यापूर्वी वस्तूबरोबर आपण आणखी काय देतो, हे सुज्ञ वाचकांनी एकदा तपासून पाहावे, एवढीच विनंती.