तांबटाचा नातलग आणि लोहाचा भार

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचे अभयारण्य येते. तिथल्या वड-उंबरांवर ‘टुक टुक’ करणारा तांबट अनेकांच्या ओळखीचा. दक्षिण अमेरिकेच्या पर्जन्यवनातला टूकन हा त्याचा दूरचा नातलग. हिरवा आराकारी ही टूकनची छोटी जात, कावळ्याहूनही लहान. त्याचे पोट मुख्यतः फळांवर भरते.

फळांत लोह कमी असते. त्यामुळे या पक्ष्याचे आतडे मिळेल तेवढे लोह शोषून घेते, असे मानले जाते. रानात याचा उपयोग होतो. पिंजऱ्यात मात्र हेच जिवावर बेतते. लोहयुक्त तयार खाद्य मिळत राहिले, की जादा लोह यकृतात साठते. वरून धडधाकट दिसणारा पक्षी एके दिवशी अचानक दगावतो. त्याला संत्री-मोसंबीही देत नाहीत, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते.

जादा लोह बाहेर टाकण्याची खास सोय माणसाच्या शरीरातही नाही. म्हणून थकवा वाटला, तर आधी रक्त तपासावे. मनाने महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांनी तर मुळीच नाही. गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र चुकवू नयेत.