गावाचा आवाज किती दूर जातो?

तुम्ही आपला स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून कधी लक्षपूर्वक ऐकला आहे का? नसेल तर आज घरातल्या कोणाचा तरी मोबाइल घ्या, त्यात चार वाक्ये बोला आणि ऐका. "छे, हा माझा आवाज नव्हे!" असेच तुम्हाला वाटेल. गंमत अशी की, शेजारी बसलेला मित्र मात्र म्हणेल, "अरे, अगदी तुझाच आहे की!"

तुम्ही दोघेही खरे बोलत असता. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याच कानांपर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक वाट हवेतून जाते, तर दुसरी जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून. हाडांच्या वाटेने कमी वारंवारतेचे, म्हणजे खर्जातले कंप चांगले येतात. त्यामुळे स्वतःचा आवाज आपल्याला जरा भरदार वाटतो. मायक्रोफोनला ही दुसरी वाट नसते. त्याच्यापर्यंत फक्त हवेतून गेलेला आवाज पोचतो. इतर माणसे आपल्याला कशी ऐकतात ते आपण त्या वेळी प्रथमच ऐकतो आणि दचकतो.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ध्वनीचे प्रकरण मी दरवर्षी याच प्रयोगाने सुरू करतो. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी स्वतःचे मुद्रण ऐकून म्हणाली, "सर, आवाजाचं ठीक आहे. पण माझं बोलणं रेडिओवरच्यासारखं नाही ना!" ती एका वाडीतून एस.टी.ने येत असे आणि वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिच्या बोलण्यात काय कमी होते? काहीच नाही. ते फक्त रेडिओवर कधी कोणी ऐकले नव्हते. मग रेडिओवर कोणाचे बोलणे यायचे, हे ठरवते कोण? या प्रश्नाचे निम्मे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि निम्मे माणसांत. आज आपण दोन्ही पाहू.

आवाजाचे आकडे

प्रथम आवाज मोबाइलमध्ये शिरतो कसा ते पाहू. ध्वनिलहरींमुळे मायक्रोफोनचा पातळ पडदा थरथरतो. त्या थरथरीनुसार विद्युत्‌दाब कमीजास्त होतो. हा दाब यंत्र ठरावीक काळाने मोजते आणि प्रत्येक मोजमाप आकड्याच्या रूपात लिहून ठेवते. सर्वसाधारण मुद्रणात अशी मोजमापे एका सेकंदाला ४४,१०० होतात!

इतकी कशासाठी? चित्रपटात भरधाव टांग्याची चाके उलटी फिरताना तुम्ही पाहिली असतील. कॅमेरा सेकंदाला २४च चित्रे घेतो. चाकाच्या आऱ्या त्यापेक्षा वेगाने पुढे सरकल्या की आपली फसगत होते. आवाजाचेही तसेच आहे. जी वारंवारता पकडायची तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजले नाही, तर भलताच आवाज मुद्रित होतो. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. त्याची दुप्पट ४०,०००, आणि वर थोडी जागा हाताशी ठेवलेली.

आता हिशेब करा. एका मिनिटात ४४,१०० × ६० = २६,४६,००० मोजमापे होतात. प्रत्येकाला दोन बाइट जागा धरली तर ५२,९२,००० बाइट, म्हणजे सुमारे ५.३ मेगाबाइट. तुमच्या आजीने सांगितलेली मिनिटभराची हकिगत म्हणजे यंत्राच्या दृष्टीने साडेसव्वीस लाख आकड्यांची माळ!

आकड्यांमुळे एक मोठी सोय झाली. पूर्वी ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होई. नभोवाणी केंद्रांत ही फीत बहुधा सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने फिरे. मुलाखतीतला अर्ध्या सेकंदाचा खोकला काढायचा, तर साडेनऊ सेंटिमीटर फीत ब्लेडने कापून दोन्ही टोके चिकटपट्टीने जोडावी लागत. कापणे चुकले की ती फीत परत जोडणे नशिबी आले. आज हेच संपादन शाळेच्या संगणकावर करता येते. ऑडॅसिटीसारखी प्रणाली त्यासाठी फुकट मिळते. मूळ मुद्रण जपून ठेवले असले म्हणजे झाले. मग प्रतीवर शंभर वेळा चुकावे आणि शंभर वेळा शिकावे.

कापलेले शेंडे

पण प्रत्येक चूक अशी दुरुस्त होत नाही. हे मला एका प्रसंगातून कळले. आमच्या काही विद्यार्थ्यांनी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मुद्रित करायचे ठरवले. एका वृद्ध गृहस्थांनी दुष्काळी कामावर खडी फोडल्याचे आणि तिथे सुकडी खाल्ल्याचे सांगितले. मग आवाज चढवून, थरथरत, गाव सोडावे लागले त्या रात्रीचे सांगितले. मुले भारावून परत आली. मुद्रण लावले, तर त्या भागात नुसता खरखराट!

झाले होते असे. दोन बाइटांच्या आकड्याला मर्यादा असते. शून्याच्या वर ३२,७६७ आणि खाली ३२,७६८. मुद्रणाची पातळी आम्ही फार वर ठेवली होती. बाबांचा आवाज चढला, तेव्हा लहरींचे उंच शेंडे या मर्यादेबाहेर गेले आणि सपाट कापले गेले. जे मोजलेच गेले नाही ते परत कोठून आणणार? मुले पुन्हा त्यांच्याकडे गेली. बाबा म्हणाले, "सांगितलं की एकदा. आता पुन्हा नाही." त्या रात्रीची हकिगत आमच्यापाशी नाही, ती नाहीच.

दोष माझा होता. यंत्र हाती देण्यापूर्वी पातळी कशी तपासायची हे मी मुलांना शिकवायला हवे होते. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या वेळीही पातळीचा पट्टा टोकाला लागता कामा नये, हा नियम तेव्हापासून आमच्या फळ्यावर कायमचा लिहिलेला आहे.

दुसरा नियम खोलीविषयीचा. मोकळ्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि बोलणे घुमते. अंड्यांचे ट्रे भिंतींना लावावेत असे पुष्कळ जण सांगतात; पण ते पातळ आणि हलके असल्यामुळे आवाज फारसा शोषत नाहीत. त्यापेक्षा घरातल्या जाड गोधड्या दोरीवर टांगा. कापडाच्या आणि कापसाच्या असंख्य फटींत हवेचे कंप घासले जातात आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जिरते. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने आजीच्या सहा गोधड्या आणल्या, आणि आमचा स्टुडिओ तयार झाला!

पन्नास वॉटचे केंद्र

मुद्रण झाले. आता ते गावाला ऐकवायचे कसे? आपल्या देशात 'समुदाय रेडिओ' नावाची छोटी एफ.एम. केंद्रे आहेत. नियमांनुसार त्यांचा प्रक्षेपक साधारण ५० वॉटचा असतो. जुन्या पद्धतीच्या एका छोट्या बल्बला लागते एवढीच ही शक्ती! अँटेनाची उंची जमिनीपासून फार तर ३० मीटर.

एफ.एम. लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे पृथ्वीची गोलाई आड येते. ३० मीटर उंचीवरून क्षितिज किती दूर दिसेल, ते पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येईल. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर आणि उंची ०.०३ किलोमीटर. दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट ३८४, आणि तिचे वर्गमूळ सुमारे १९.६. म्हणजे क्षितिज वीस किलोमीटरच्या आतच! त्यातच शक्ती थोडी आणि मध्ये टेकड्या. म्हणून प्रत्यक्षात असे केंद्र साधारण दहा ते पंधरा किलोमीटरपर्यंत चांगले ऐकू येते.

ही उणीव झाली, असे तुम्ही म्हणाल. पण तिचा एक फायदा पाहा. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे 'माणदेशी तरंग वाहिनी' हे समुदाय केंद्र ९०.४ मेगाहर्ट्‌झवर सुरू झाले. तेलंगणातील माचनूर या खेड्यातले 'संघम् रेडिओ' हे केंद्रही ९०.४ वरच! दोन्ही केंद्रे २००८ सालची. दोन्ही गावांत सरळ रेषेने सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर आहे. एकाचा आवाज दुसऱ्याच्या क्षितिजापर्यंत पोचत नाही, म्हणून एकच वारंवारता दोघांना खुशाल वापरता येते. आवाज लहान ठेवला की पुष्कळांना बोलता येते, हा धडा वर्गातही उपयोगी पडावा!

लहरी कोणाच्या?

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. भारतात अनेक वर्षे नभोवाणी केवळ सरकारच चालवीत असे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पण निकालानंतर लगेच दार उघडले नाही. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना केंद्र काढण्याची मुभा मिळाली, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांना मात्र नोव्हेंबर २००६ पर्यंत थांबावे लागले.

मधल्या काळात लोक हात बांधून बसले होते काय? मुळीच नाही. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील बुडिकोटे गावी 'नम्म ध्वनी' या केंद्राने २००३ साली वेगळी युक्ती काढली. हवेतून प्रक्षेपणाला परवानगी नाही ना? मग आवाज केबलच्या तारेतून घरोघर पोचवायचा!

माचनूरची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. तिथे १९९८ च्या सुमारास दलित समाजातील तरुणींनी ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेतले. त्यांत पुढे आलेल्या दोघींचे नाव एकच, नरसम्मा. प्रक्षेपणाचा परवाना नव्हता. तेव्हा बी-बियाण्यांची माहिती, औषधी वनस्पती, सणांची गाणी असे सारे त्यांनी कॅसेटवर मुद्रित करून बायकांच्या बैठकींत ऐकवले. असे त्यांनी दहा वर्षे केले! १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचे केंद्र हवेवर आले, तेव्हा यंत्र नवे होते, पण कसब जुने होते. प्रक्षेपक विकत मिळतो. ऐकण्याची, विचारण्याची आणि निवडण्याची सवय मात्र कमवावी लागते.

समुदाय केंद्राच्या नियमांत एक अट आहे. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत. म्हणजे माणदेशातल्या केंद्रावर माणदेशी बोलणे ही सवलत नव्हे, ते तर केंद्राचे कामच आहे. आमच्या त्या विद्यार्थिनीला मी हे सांगितले, तेव्हा तिने विचारले, "म्हणजे आमची आजीसुद्धा चालेल?"

तुमच्यासाठी प्रयोग

तुमच्या गावात केंद्र असेलच असे नाही. पण माचनूरच्या मुलींकडे तरी कोठे होते? चारपाच जणांचा गट करा आणि तीन मिनिटांचा एक कार्यक्रम तयार करा. विषय जवळचा घ्या: विहिरीचे पाणी यंदा कोणत्या महिन्यात आटले? आठवडी बाजारात भाव कोण ठरवते? जुन्या कारागिराच्या हत्यारांची नावे काय?

कामे वाटून घ्या. एकाने विचारावे, एकाने पातळीच्या पट्ट्यावर डोळा ठेवावा, एकाने वेळ आणि नावे लिहावीत. आधी दहा सेकंद नुसती शांतता मुद्रित करा. पंखा किती आवाज करतो ते तेव्हाच कळते. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. प्रश्न विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत गप्प राहा. हे सर्वांत अवघड आहे! "हे मुद्रण आम्ही कोणाला ऐकवू शकतो?" असे त्या व्यक्तीला आधी विचारा आणि नाही म्हटले तर ते माना. संपादन करताना खोकला खुशाल काढा, पण शब्द पुढेमागे करून म्हणण्याचा अर्थ बदलू नका. तयार झालेला कार्यक्रम आधी त्यांनाच ऐकवा, आणि मग शाळेच्या परिपाठात.

शिक्षकांना एक विनंती आहे. अशा कामाला गुण द्यायचेच असतील, तर शुद्ध उच्चारांना न देता नेमक्या प्रश्नांना द्यावेत.

आमच्या विद्यार्थिनीची आजी अखेर गोधड्यांच्या आडोशाला बसून बोलली. गोधडीचे टाके कसे घालतात, यावर तीन मिनिटे. पातळी बरोबर होती, शेंडे शाबूत होते. मुद्रण ऐकवल्यावर आजी क्षणभर दचकली आणि म्हणाली, "हा काही माझा आवाज नव्हं!"

नात हसली आणि म्हणाली, "आजी, तुझाच आहे. आम्ही तुला असंच ऐकतो."