इंधनाचे तुषार

नाशिकजवळील एकलहरे येथे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. अशा केंद्राची थंड भट्टी पेटविताना प्रथम तेलाचे बारीक तुषार आत फवारतात. थेंब जितका लहान, तितका तो हवेत चटकन मिसळतो व चांगला जळतो. डिझेलच्या मोटारीतही हेच तत्त्व काम करते.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात ठिणगीची आवश्यकता नसते. नळकांड्यातील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की, ती अतिशय तप्त होते. त्याच क्षणी इंजेक्टर नावाचा भाग तिच्यात इंधन फवारतो आणि ते आपोआप पेट घेते. आपल्या देशातील जुन्या डिझेल अँबॅसडर मोटारीत अशी चार नळकांडी असत.

आता समजा, अशी जुनी मोटार चालता चालता बंद पडली. अजाण माणूस लगेच इंजिन खोलावयास बसेल. जाणता कारागीर मात्र इंधनाच्या वाटेने, टाकीपासून आरंभ करून, एकेक पायरी तपासतो. टाकीत डिझेल आहे काय? गाळणी कचऱ्याने तुंबली आहे काय? तळाशी पाणी साचले आहे काय? नळीत हवा शिरली आहे काय? हवा दाबली जाते, द्रव मात्र जवळजवळ दाबला जात नाही. म्हणून नळीत हवेचे बुडबुडे असले, की पंपाचा जोर ते दाबण्यातच खर्ची पडतो आणि इंजेक्टर उघडत नाही. अशा वेळी गाळणीवरील स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे संपेपर्यंत इंधन बाहेर सोडतात.

इंजिन चालते, पण अडखळते, तर कारागीर एकेका इंजेक्टरच्या नळीची चकती क्षणभर सैल करतो. आवाज मंदावला, तर ते नळकांडे काम करीत होते. आवाज तसाच राहिला, तर दोष तेथेच आहे! पुष्कळदा इंजेक्टरचे तोंड काजळीने भरलेले असते. मग तुषारांऐवजी थेंब पडतात, इंधन अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो.

मात्र मुलांनो, चालू इंजेक्टरपुढे हात कधीही नेऊ नये. त्याची धार इतकी वेगवान असते की, ती कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

क्रमाने शोध घेणाऱ्यास दोष लवकर सापडतो. अंदाजाने हातोडा चालविणारा मात्र धडधाकट भागही बिघडवून बसतो.