गाडी थंड असताना

पहाटे ५.३०

पहिला फोन कोथरूडच्या डॉक्टरबाईंना.

“गाडी सुरू केली नाही ना?”

“अहो, रात्रीच चावी कपाटात ठेवलीय. तुम्ही या सातला.”

हा फोन मी कधी चुकवत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचे पहिले दहा सेकंद मला पुढच्या चार तासांच्या तपासणीपेक्षा महत्त्वाचे वाटतात. ऑइल खाली उतरलेलं असतं. टायमिंग चेनला ताण देणारा ऑइलचा दाब अजून तयार झालेला नसतो. चेन ढिली असेल, इंजेक्टर थकले असतील, बॅटरी म्हातारी झाली असेल, तर ते तेव्हाच ऐकू येतं. इंजिन तापलं की पुष्कळ आवाज गप्प होतात. “तुम्ही येणार म्हणून एक चक्कर मारून आणली,” असं कुणी म्हणालं की मी बोनेटवर हात ठेवून बघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घेतो.

पिशवी भरली. रंगाची जाडी मोजायचं मीटर, स्कॅनर, टॉर्च, लांब दांडीचा आरसा, टायरची खोली मोजायची पट्टी आणि गाडीखाली अंथरायला आईची जुनी चादर. चौदा वर्षं वर्कशॉपमध्ये मोठ्या गाड्या उघडल्या, आता आठ वर्षं लोकांसाठी जुन्या मोठ्या गाड्या तपासतो. पैसे फक्त घेणाऱ्याकडून आणि त्यानं गाडी घेतली नाही तरी तेवढेच. विकणाऱ्याचा चहासुद्धा तपासणी संपल्यावर.

सकाळी ७.००

सातारचे काका माझ्या आधी येऊन थांबले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. १९९५ साली पुण्यात जुळणी सुरू झालेली मर्सिडीजची ई-क्लास त्यांनी कोयनेच्या रस्त्यावर एकदा पाहिली, तेव्हापासून ती मनात. बाजूला काढलेले पैसे अठरा लाख. आज दोन गाड्या बघायच्या आणि रात्रीपर्यंत ठरवायचं.

डॉक्टरबाईंची गाडी २०१५ची ई-२५० सीडीआय. चाकणच्या कारखान्यातली, एमएच-१२ पासिंग, पहिल्यापासून मालक एकच, ८८ हजार किलोमीटर. बाई पंचाहत्तरीच्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री समोरचे दिवे सहन होत नाहीत म्हणून गाडी काढतायत. सोसायटीच्या गुलमोहराखाली ती उभी होती आणि टपावर पाकळ्यांचा सडा.

बोनेट उघडून मी आधी पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखालच्या खोबणीत टॉर्च मारला. गुलमोहराखालच्या गाडीत ही जागा बारीक पानांनी गच्च भरलेली असणार, असं धरूनच चाललो होतो. पाणी जायची भोकं बुजली की पावसाळ्यात ते पाणी वायरिंगच्या डब्यांकडे, नाहीतर थेट आत पायाखाली येतं. इथं मात्र एक पान नव्हतं. नवल वाटलं, वहीत टिपलं.

मग चावी फिरवली. दार उघडं, एक पाय बाहेर, कान मागच्या अंगाला. या २१४३ सीसीच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन पुढं नाही, मागं गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथून खडखड आली तर काम फार मोठं निघतं, कारण चेनपर्यंत पोचायलाच अर्धी गाडी उघडावी लागते. काका श्वास रोखून उभे. इंजिन एका झटक्यात लागलं, डिझेलची नेहमीची घरघर, त्यापलीकडे काही नाही. धूर नाही. मी मान हलवली तसे काका हसले.

रंगाचं मीटर सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन दाखवत होतं. कारखान्यातला रंग साधारण याच घरात असतो. डाव्या मागच्या दारावर आकडा एकदम २४० झाला. मी काही विचारायच्या आतच बाई म्हणाल्या, “ते दार २०१९ला रंगवलंय. हॉस्पिटलच्या फाटकाला घासलं. माझीच चूक.” रंगवलेलं दार म्हणजे ठोकलेली गाडी नव्हे, हे मला घेणाऱ्याला दर वेळी समजवावं लागतं. भीती असते ती आकडा पाचशे-हजारावर उड्या मारायला लागला तर, कारण मग रंगाखाली लांबी भरलेली असते. आणि खरी भीती सांगाड्याच्या भागांची, म्हणजे पिलर, ॲप्रन, लाँगमेंबर यांची. तिथली कारखान्याची वेल्डिंग जशीच्या तशी होती. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग तडकलेला नव्हता, म्हणजे त्यांना पाना लागलेला नाही.

त्यानंतर बाईंनी फाइल आणून दिली. पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली अकरा बिलं, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर त्यांच्या हातचे. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. ६१ हजारांवर गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर. ते बिल मी दोनदा वाचलं. “हे ऑइल गाडीच्या जन्माला पुरतं” असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं आणि लोक निश्चिंत राहतात. पण कित्येक जर्मन गाड्यांत ज्या झेडएफ कंपनीचे गिअरबॉक्स असतात, ती स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. दुसऱ्या बनावटीच्या गिअरबॉक्सलाही मी हाच नियम लावतो. जुनं ऑइल आतल्या बारीक व्हॉल्व्हना जड होतं, गिअर झटके द्यायला लागतात, आणि मग ऑइलच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च समोर येतो.

सकाळी ८.४५

चांदणी चौकाकडून हायवेला. गतिरोधकावर मुद्दाम तिरपी चढवली तर डावीकडून दबका ‘टक’ आला. लोअर आर्मचं बूश. ८०च्या वेगात ब्रेक दाबला, स्टिअरिंग थरथरलं नाही. सातही गिअर कळू न देता पडले.

सकाळी १०.००

वारज्यातल्या मित्राच्या गॅरेजात गाडी लिफ्टवर घेतली. खालून गाडी बघताना घेणाऱ्याला मी शेजारी उभा करतोच, तेलाचा डाग आणि तेलाची गळती यांतला फरक त्यानं डोळ्यांनी बघितला पाहिजे.

“हे ओलं दिसतंय की!” काका घाबरले.

“ओलसर आहे काका. बोट लावा. थेंब धरलाय का?”

नव्हता धरला. ऑइल फिल्टरच्या बैठकीचं गॅस्केट सुकलंय, वर्षभरात बदलावं लागेल. दोन्ही लोअर आर्मच्या बूशांना चिरा. इंजिनाचं एक माउंटिंग बसलेलं. टायरवरचे चार आकडे १८१९, म्हणजे २०१९ सालच्या अठराव्या आठवड्यातले. नक्षी अजून निम्मी शिल्लक, पण कडेला बारीक भेगा.

हे सगळं बघून काका म्हणाले, “अठ्ठ्याऐंशी हजार म्हणजे पळालीच की फार.” मला उलटं वाटतं. लोखंड किलोमीटरनं झिजतं, पण रबर आणि प्लास्टिक वर्षांनी झिजतं. बूश, होजपाइप, कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, दारांची रबरं या सगळ्यांना गाडी पळाली काय आणि उभी राहिली काय, दहा उन्हाळे सारखेच. दहा वर्षांत वीस हजार पळालेली गाडी लोक शोधत फिरतात, आणि तिच्या रबरांचं वय कुणी विचारत नाही.

दुपारी १२.३०

दुसरी गाडी एका डीलरच्या यार्डात. मेक सांगत नाही, कारण दोष ती बनवणाऱ्यांचा नव्हता. २०१८ची पेट्रोल सेदान, ३६ हजार किलोमीटर, परराज्यातलं पासिंग आणि मागणी बाईंच्या गाडीपेक्षा लाखभर कमी. काकांचे डोळे चमकले. चमकणारच, आतून-बाहेरून नव्यासारखी.

दार उघडलं आणि अत्तराचा भपकारा आला. कार्पेट कोरा. स्कॅनर लावला तर एकाही मॉड्यूलमध्ये एकही कोड नाही. सात वर्षांच्या गाडीत कुठं तरी व्होल्टेज पडल्याची एखादी जुनी नोंद असतेच. शिवाय इंजिन स्वतःच्या ज्या तपासण्या चालता चालता पूर्ण करतं, त्यातल्या बहुतेक ‘अपूर्ण’ दिसत होत्या. म्हणजे एक-दोन दिवसांत कुणी तरी सगळं पुसलेलं.

मी मागच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी बेल्टचा शेवटचा हातभर भाग कधी बाहेर येत नाही, म्हणून तो धुवायचं कुणाला सुचत नाही. तिथं आडवी मातकट रेघ होती. पाणी तिथवर चढलेलं. पुढच्या सीटच्या बोल्टांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातल्या सांध्यात सुकलेला गाळ. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस शून्य. सलग पाच वर्षं दावा नसला तर तो ५० टक्क्यांवर जातो. शून्याला साधी कारणंही असू शकतात, नुकताच मालक बदललेला असणं हे एक, पण त्या रेघेशेजारी ठेवल्यावर तो शून्य बोलायला लागतो.

२०१५च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली, २०१९च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर. अशा पुरांनंतर दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढं गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. पुढं अशा गाड्या लिलावात जातात आणि त्यांतल्या काही रंगरंगोटी होऊन बाजारात परततात. इंजिन सुरू होतं, एसी गार होतो. पण या गाड्यांचे मेंदू सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या कोपऱ्यात असतात. तिथल्या पिनांवर हिरवा गंज चढायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि मग एके दिवशी एअरबॅगचा दिवा लागतो, काच खाली जात नाही, गाडी चौकात बंद पडते. कितीही हुशार मेकॅनिक असला तरी ते वायरिंग पहिल्यासारखं होत नाही. ज्यानं आयुष्यभराची बचत घालून अशी गाडी घेतलीय त्याचा चेहरा मी पाहिलाय, म्हणून या बाबतीत माझा आवाज चढतो.

फाटकाबाहेर येऊन काकांना सांगितलं. ते बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले.

दुपारी ३.००

पिठलं-भाकरी, आणि जेवता जेवता बाईंच्या गाडीची कागदं. आरसीवर कुठल्या बँकेचा बोजा नाही. चलन एक होतं, बाईंनी भरलेलं. आरसीची मुदत २०३०पर्यंत, पुढं फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २९ आणि ३०वर दोघांच्या सह्या. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करून घ्यायचा. बाईंचा बोनस बाईंचाच राहणार, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून काकांचा हप्ता वाढेल, हेही सांगून ठेवलं.

संध्याकाळी ५.३०

अहवाल लिहायला बसलो. काकांनी दुपारी विचारलं होतं, “पन्नास लाखांच्या घरातली गाडी साडेचौदाला मिळतेय, मग खर्चही त्याच मानानं कमी ना?” यापुढं माझं खरं काम सुरू होतं. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. बंपर, हेडलाइट, शॉकअप सगळं अजूनही पन्नास लाखांच्या गाडीचंच आहे. म्हणून घेतानाच किमतीच्या १५ टक्के वेगळे ठेवायला लावतो, इथं साधारण सव्वादोन लाख. तेवढे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्यावी.

पहिल्या महिन्यात: इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर, बिलावर कितीही अलीकडची तारीख असली तरी. ऑइलच्या डब्यावर २२९.५१ ही मान्यता छापलेली हवी, ‘त्याच्यासारखंच आहे’ चालणार नाही. पुढं दर दहा हजारांना किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. चारही टायर. दोन्ही बाजूंचे लोअर आर्म एकदम, नंतर अलाइनमेंट. कूलंट. फाइलमध्ये त्याचं बिल नाही, ही बाईंची एकच चूक सापडली.

पहिल्या वर्षात: ऑइल फिल्टरचं गॅस्केट, इंजिन माउंटिंगची जोडी, आणि बॅटरी. बॅटरीचं बिल २०२०चं आहे, ती अचानक जाईल. जायच्या आधी भलतेसलते दिवे लावेल, तेव्हा घाबरून मोठं काम काढू नये, आधी व्होल्टेज मोजावं.

पुढच्या तीन वर्षांत: वॉटर पंप, थर्मोस्टॅट, शॉकअप. १ लाख २० हजारांवर गिअरबॉक्स ऑइल पुन्हा. आठवड्यातून एकदा तरी गाडी साताऱ्याबाहेर हायवेला तासभर न्यावी. नुसतं बाजारापर्यंत जाऊन येणं डिझेल इंजिनाला मानवत नाही.

रात्री ८.४५

काकांचा फोन. “बाईंचीच घेतो. चौदाला देतायत.”

“आणि बाजूचे पैसे?”

“ते वेगळ्या खात्यात टाकले. हिला सांगितलंय, हात लावायचा नाही.”

फोन ठेवतो तोच डॉक्टरबाईंचा.

“अहो, एक सांगायचं राहिलं. साताऱ्याला त्यांच्या दारात झाड आहे का?”

“विचारलं नाही. का?”

“झाड असेल तर दर रविवारी बोनेट उघडायचं आणि काचेखालची पानं जुन्या टूथब्रशनं काढायची. मी दहा वर्षं काढतेय. पावसाळ्याच्या तोंडावर विसरायचं नाही, म्हणावं. ब्रश गाडीतच आहे, डाव्या दाराच्या कप्प्यात.”

अहवाल पाठवायचा बाकी होता. फाइल परत उघडली आणि ‘पहिल्या महिन्यात’च्याही वर ही ओळ घातली.