कमरेत उसण भरली? चोळण्याआधी चार प्रश्न विचारणारा मालिशवाला बरा

कांदा लागवड किंवा कापूस वेचणी भरात आली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, कमर धरली. मग कुणी मेडिकलवरून गोळी आणतं, कुणी मालिशवाल्याला बोलावतं. कुणी पायाळू माणूस शोधून कमरेला त्याचा पाय लावून घेतं. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याचा गुण येतो असं लोक सांगतात. पण साधी उसण बऱ्याचदा काही दिवसांत आपोआपच उतरते, हे कुणी मोजत नाही.

मालिशचा उपयोग मात्र होतो. कोमट तेल आणि सावकाश दाबामुळे आखडलेले स्नायू सैल पडतात, अंग हलकं वाटतं. पण हा आराम थोड्या दिवसांचा. दुखण्याचं कारण तसंच राहिलं तर कमर परत धरते. म्हणून जाणता मालिशवाला तेलाच्या वाटीला हात लावण्याआधी विचारतो. काम काय करता? कधीपासून दुखतंय? पडला-बिडला होता का? रात्री झोप लागते का? शुगर, बीपी आहे का?

हे प्रश्न उगाच नसतात. फवारणीचा 16 लिटरचा पंप भरला की पाण्याचंच वजन 16 किलो, पंपाचं वेगळं. तो दिवसभर खांद्यावर वागवला तर दुखते मान, पण आखडलेले असतात खांदे आणि पाठीचा वरचा भाग. नुसती मान चोळून काय होणार? कांदा लावणाऱ्या बाईचंही तसंच. ती कमरेतून वाकलेली असते, त्यामुळे मांड्यांच्या मागच्या शिरा आणि कुल्लेही ताठतात. तिथंही दाब द्यावा लागतो. शिवाय सवय बदलावी लागते. अर्ध्या तासानं उठून कमर सरळ करायची. गोणी उचलताना गुडघ्यात वाकायचं आणि ओझं अंगाजवळ धरायचं. उसण भरली म्हणून आठ दिवस खाटेवर पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला-फिरा.

आता झोपेचा प्रश्न. भाव पडला, सोसायटीचं कर्ज थकलं की माणूस नकळत खांदे वर ओढून आणि दात आवळून बसतो. झोप तुटते. आणि झोप तुटली की कालचंच दुखणं आज जास्त वाटतं. म्हणून मालिश घाईत, फोनवर बोलत करून घेऊ नये. डोळे मिटून सावकाश श्वास घेतला तर जीव थाऱ्यावर येतो. कर्ज त्यानं फिटत नाही, हे उघड आहे. दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, नको ते विचार येतात, असं असेल तर 14416 या टेली-मानस नंबरवर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

सलूनमध्ये दाढी झाली की मान कटकन मोडून घ्यायची सवय अनेकांना आहे. ती सोडलेली बरी. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. त्यांना इजा होणं क्वचित घडतं, पण घडलं तर थेट लकवा.

काही दुखणी चोळायचीच नसतात. पडल्यावर किंवा मार लागल्यावर सूज आली असेल तर आधी एक्स-रे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते, ती चोळल्यानं सुटून फुप्फुसात जाते. शुगरमुळे पाय बधिर झाले असतील तर गरम शेक देऊ नका, भाजलेलं कळतच नाही. कमरदुखीसोबत ताप असेल, पाय लुळा पडत असेल, लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि छातीत दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, तर तेल शोधत बसू नका, 108 ला फोन लावा.