पिसांची माशी

गळाच्या काट्यावर रेशमी धाग्याने पिसं बांधायची, त्यातून एक झळझळीत माशी उभी करायची आणि ती काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगायची. ती पाण्यात कधी उतरत नाही. युरोप-अमेरिकेत अशा शोभेच्या माश्या बांधणं ही आज स्वतंत्र कला आहे. तापी-गिरणेच्या काठी मासा जाळ्याने धरतात, गळ टाकलाच तर त्याला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. तेव्हा खान्देशी वाचकाला हा छंद परका वाटेल. पण या माशीच्या पिसांचा माग आपल्या रानापर्यंत येऊन पोचतो, आणि तिच्यापायी जिथे चोरी झाली त्या संग्रहातून आपला एक पिंगळाही पूर्वी चोरीला गेला होता.

आधी कारागिरी पाहू. अंडी घालायला समुद्रातून नदीत परतलेला सॅमन मासा खाणं जवळजवळ सोडतो. त्यामुळे त्याच्यासाठी बांधलेली माशी खऱ्या किड्यासारखी दिसण्याची गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या कारागिरांनी या मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेतला. साम्राज्याच्या जहाजांतून जगभरची पिसं लंडनच्या बाजारात उतरत होती. जॉर्ज केल्सनने 1895 साली ‘द सॅमन फ्लाय’ हा ग्रंथ काढून कोणत्या माशीला कोणतं पीस, कुठे आणि किती, याची शिस्तच घालून दिली.

1850च्या सुमाराची ‘जॉक स्कॉट’ ही यातली सर्वांत नावाजलेली माशी. तिचं अंग दोन भागांचं असतं: मागचा पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या. वरून जरीचे वेढे. शेपटीला सोनेरी फेजंटच्या तुऱ्याचं पीस. खरी परीक्षा पंखाची. पिसाच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. पिवळ्या, तांबड्या, निळ्या रंगांत रंगवलेल्या हंसपिसांचे तंतू, टर्कीचे, मोराचे, तणमोराच्या कुळातल्या फ्लोरिकनचे तंतू एकाशेजारी एक ठेवून बोटांच्या चिमटीत हलकेच ओढले की ते आकडे एकमेकांत गुंततात. गोंदाचा थेंबही न लावता अनेक पक्ष्यांच्या पिसांचं एक सलग पान तयार होतं. डाव्या पंखाला डाव्या बाजूचंच पीस लागतं, उजव्याला उजव्या, कारण दोन्हींची वळणं उलटी असतात. मग हे पान काट्यावर ठेवून धाग्याने आवळायचं. इथे ताण जरा जास्त झाला की पंख कलंडतो, कमी झाला की सैल राहतो. आणि डोकं लहान ठेवायचं, म्हणून धाग्याचे वेढे मोजकेच घ्यायचे. एका माशीवर कितीतरी तास जातात, ते यामुळे.

पंखाच्या बाजूला जो पिवळसर-पांढरा चकाकणारा ‘डोळा’ दिसतो तो राखी रानकोंबड्याच्या मानेचा. हा पक्षी फक्त भारतातला. त्याच्या मानेवरच्या पिसांची टोकं चपटी होऊन लाखेसारखी कडक आणि चमकदार बनतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कोंबड्याला असं पीस नाही, आणि या एका पिसासाठी तो फासात अडकत राहिला. 1972च्या वन्यजीव कायद्याखाली आता त्याची शिकार आणि व्यापार दोन्ही बंद आहेत. परदेशात आता पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

पण जुन्या पुस्तकातलं पीस ‘अस्सल’च हवं, हा हट्ट काहींचा सुटला नाही. जून 2009 मध्ये लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एडविन रिस्ट या अमेरिकी बासरीवादकाने ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये रात्री शिरून 299 पक्ष्यांच्या जतन केलेल्या कातड्या पळवल्या. त्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेले पक्षी होते. रिस्ट स्वतः नामांकित माशी-कारागीर. पिसं त्याने याच छंदातल्या लोकांना विकली. परत मिळालेल्या बऱ्याच कातड्यांवरच्या चिठ्ठ्या कापलेल्या होत्या. पक्षी कुठे, कधी, कोणी मिळवला हे त्या चिठ्ठीवर असतं. ती गेली की अभ्यासकाच्या दृष्टीने पक्षी मुका होतो.

चिठ्ठीची किंमत खान्देशाइतकी क्वचितच कोणाला कळली असेल. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने 1880च्या दशकात पश्चिम खान्देशात रानपिंगळ्याचे नमुने मिळवले. 1884 नंतर तो पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने याच म्युझियमच्या संग्रहातला एक नमुना चोरला आणि 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ आपणच तो टिपला, अशी खोटी चिठ्ठी लावली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी कातडीत भरण भरायची पद्धत तपासून ती डेव्हिडसनच्या हातची असल्याचं ओळखलं. मांडवीचा माग सोडून खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं शोधली गेली, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा जिवंत दिसला. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही तो आढळला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या कलेचं मोल चिमटीत आहे, दुर्मीळ पिसात नाही. रंगवलेल्या टर्कीच्या, बदकाच्या पिसांतून आजचे कारागीर तितकीच देखणी जॉक स्कॉट बांधतात. पीस बांधण्याची आवड आपल्याकडेही जुनी आहे: सातपुड्यातल्या होळीत बांबूच्या उंच टोपांवर मोरपिसं डोलतात.

जळगाव-धुळ्याच्या कलाशिक्षकांना विनंती आहे, हस्तकलेच्या तासाला हा प्रयोग करून पाहा. टोक बोथट केलेला काटा, रेशमी धागा, जरीची तार आणि पाळीव कोंबडीची रंगवलेली पिसं एवढं सामान पुरतं. रानकोंबड्याचं पीस मात्र कोणी विकायला आणलं तर घेऊ नका, वनविभागाला कळवा.