पायमोजे आणि चंदेरीवरची रात्र

“कॅम्पला चाललोय,” असे मी आईला सांगितले, तेव्हा तिने माझ्या हाती पिशवी दिली आणि वर बजावले, “येताना उशांच्या अभ्र्यांचं कापड आण.” दोष तिचा नव्हे. आम्हा बदलापूरकरांच्या बोलीत कॅम्प म्हणजे उल्हासनगर! दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती, १९४७ च्या फाळणीनंतर तीत सिंधी निर्वासित आले, आणि पुढे मोठे शहर वसले तरी एक ते पाच नंबरचे कॅम्प लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. मला जायचे होते ते मात्र चंदेरीच्या गुहेत. विद्यार्थ्यांबरोबर, डिसेंबरातल्या एका रात्रीपुरते.

उलगडा झाल्यावर आईने कपाटातून लोकरीचे मोजे काढले. चार सुयांवर तिने स्वतः विणलेले. मी हसलो. “अगं, चंदेरी आहे, हिमालय नव्हे!” तिने काही न बोलता ते माझ्या पिशवीच्या तळाशी कोंबले. मी मात्र लोकलमधल्या फेरीवाल्याकडून तीन जोड सुती मोजे घेतले होते. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते, पण वर्गात उभे राहून मी विद्यार्थ्यांनाही सांगितले, “सुती घ्या. सूत घाम टिपते.” मराठीच्या मास्तराने अलंकारांवर बोलावे, पायमोज्यांवर बोलू नये, हे मला त्या रात्री कळायचे होते.

चिंचवलीपासून वर निघालो तेव्हा ऊन कलले होते. बदलापुरातून खिडकीत दिसणारी चंदेरी फार सोज्वळ वाटते; पायाखाली आली की तिचा घसारा जीव काढतो. गुहेशी पोचेपर्यंत सगळ्यांचे मोजे पिळून काढावेत असे झाले होते. पाऊस नाही, ओढ्याला पाणी नाही, सारा घामच. सूत घाम टिपते हे खरेच. पण टिपलेला सोडत नाही, हे मी सांगायचे विसरलो होतो. खरे म्हणजे ते मला ठाऊकच नव्हते.

रात्री वारा सुटला. एका मुलाला झोप येईना. “सर, बोटं लागत नाहीत,” तो हळूच म्हणाला. विजेरीच्या उजेडात पाहिले तर पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, आणि त्यावर एकावर एक चढवलेले दोन ओले मोजे! थंडी वाजते म्हणून त्याने दुसरा जोड चढवला होता, आणि वर बूट घट्ट आवळले होते. त्याने रक्ताची वाटच अडली. कोणी म्हणाले, शेकोटीशी पाय धरा. ते मात्र मी होऊ दिले नाही; बधिर कातडीला चटका कळत नाही, एवढे वाचनात आले होते. पाय कोरडे पुसले, तळहातांत धरले, आणि पिशवीच्या तळातून आईचे मोजे काढून त्याला घातले. अर्ध्या तासात पोरगा घोरू लागला. जोड एकच होता. मी रात्रभर स्वतःची बोटे मोजत बसलो.

खरी परीक्षा सकाळी होती. भिजून मऊ पडलेल्या त्याच्या टाचेला मोठा फोड आला होता आणि उतरताना तो फुटला. घसाऱ्यावर टाच टेकवता येईना, म्हणून तो चवड्यावर उतरू लागला. आणि एका ठिकाणी पाय निसटला. मागच्याने दंड धरला म्हणून बरे. खाली दगडच दगड होते. संध्याकाळी त्याच्या वडिलांपुढे उभे राहून काय बोललो, ते मला आठवत नाही.

त्यानंतर मी मोज्यांचा अभ्यास केला, एम.ए.लाही इतका केला नसेल. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. उलट ती वाफ शोषताना थोडी ऊबच देते. आपला धनगर पावसात घोंगडी पांघरतो ती उगीच नाही. मात्र दख्खनी मेंढीची लोकर भरड. पायाला ती टोचेल. मोज्यांना मेरिनो मेंढीची बारीक लोकर बरी. निव्वळ लोकर टाचेशी लवकर विरते, म्हणून तीत थोडे नायलॉन असावे. घेताना मोजा उलटा करून पाहा: टाच आणि चवडा आतून टॉवेलासारखा लुसलुशीत हवा, बोटांवरची शिवण सपाट हवी. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, बूट सोबत नेऊन घालून पाहा. बोटे आत हलली पाहिजेत. जाड मोजा आखूड बुटात कोंबला तर पातळ मोजाच जास्त उबदार! दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

आणि रात्रीचा जोड निराळा. तो दिवसा पायात घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. मुक्कामी पोचताच पाय पुसून हाच कोरडा, सैल जोड घालावा. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा वेळोवेळी मोजे बदलण्याचे हुकूमच निघाले होते. आपल्याकडे हुकूम काढायला आई असते, आणि आपण तिला हसतो.

मोज्याची आणखी एक हकिकत सांगण्याजोगी आहे. ८ जून १९२४ रोजी एव्हरेस्टवर मॅलरी आणि अर्विन हे दोघे शेवटचे दिसले. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला. अर्विनचा ठावठिकाणा नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये डोंगराखालच्या हिमनदीत एक बूट मिळाला, आत पाऊल, आणि पावलावर मोजा. त्या मोज्यावर शिवलेल्या पट्टीवर अर्विनचे नाव होते! शंभर वर्षांनी माणसाची ओळख पटवली ती मोज्याने.

हे मी आईला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बिचाऱ्याच्या आईनं शिवलं असेल.”

यंदा कळसूबाई ठरले आहे. १६४६ मीटर उंची; हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने वर बदलापुराहून दहा अंश तरी गार असायचे. तो मुलगाही येणार आहे. आईने सुया बाहेर काढल्या आहेत आणि काल मला विचारत होती, “त्या पोराचं पाऊल किती लांब आहे रे?”